जीपगाडीचा जमाखर्च

जीपगाडी पाहिली नाही असा माणूस आज महाराष्ट्रातल्या खेड्यात शोधून सापडायचा नाही. 1952 च्या गांधीजयंतीला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, आणि विकासगटांच्या जीपा तालुक्याच्या रस्त्यांवर, जिथे रस्ते नव्हते तिथे गाडीवाटेवर, धूळ उडवीत फिरू लागल्या. निवडणूक आली की कर्णा बांधलेली जीप, गावात दंगा झाला की फौजदाराची जीप, आणि पुढेपुढे बाजाराच्या दिवशी माणसे कोंबून नेणारी जीप. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी-पिवळी. नाव काहीही असो, गाडी ओळखीची आहे.

अलीकडे या गाडीची एक नवी हौस आली आहे. तरुण मंडळी जुनी जीप विकत घेतात, गॅरेजात नेतात, तिची उंची चार-सहा इंचांनी वाढवतात, मोठी जाडजूड चाके बसवतात, पुढे लोखंडी बार लावतात, डोक्यावर नळ्यांचा सांगाडा उभा करतात. गाडी दिसते मोठी ऐटबाज. डोंगरावर चढते, ओढ्यातून जाते. हौसेला मोल नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. गाडीत केलेल्या फेरफाराला मात्र मोल असते. ते कोण देतो, आणि आधी हिशेब करून देतो की मागाहून फेडतो, एवढाच काय तो प्रश्न. मी इतिहासाचा शिक्षक आहे, यंत्रे खोलणे माझे काम नव्हे. पण या प्रश्नाला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो लढाईच्या तारखांइतकाच सांगण्याजोगा आहे.

त्याची सुरुवात जीपच्या जन्मापासूनच होते. जुलै 1940. युरोपात फ्रान्स पडला होता. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण तयारीला लागली होती. अमेरिकी लष्कराने 135 कारखान्यांना पत्रे पाठवली: चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी एक छोटी गाडी पाहिजे, नमुना 49 दिवसांत पाहिजे, आणि वजन 1300 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 590 किलोंच्या वर जाता कामा नये. एवढ्या कमी वजनात असली गाडी बनणे शक्यच नव्हते. मुदत पाहूनच बहुतेकांनी हात टेकले. बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला गाठले, आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी तिची गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर झाली. वजन अर्थातच मर्यादेच्या वर होते. गाडी पसंत पडली आणि लष्करानेच मर्यादा वाढवली. पुढे ती 2160 पौंडांवर, सुमारे 980 किलोंवर, ठरली.

आता विलीज कंपनीची अडचण झाली. तिचे इंजिन सर्वांत जोरकस, 60 अश्वशक्तीचे. पण त्यापायी गाडी मर्यादेच्या दोनशेहून अधिक पौंड वर गेली. इंजिन सोडावे तर गाडीचा प्राणच गेला. तिचा मुख्य अभियंता डेल्मर रूस याने मग गाडीचा एकेक भाग सुटा करून तोलायला घेतला. बोल्टांची नटाबाहेर आलेली शेपटे कापली, पत्रा पातळ केला, आणि सांगतात की रंगाचासुद्धा एकच हात द्यायचा असे ठरवले. अशा चिंगूसपणाने ती गाडी मर्यादेत बसली. मला ही हकीगत फार आवडते, कारण तिच्यात आपला सगळा विषय आला आहे. एक गोष्ट वाढवायची तर दुसरी कुठेतरी कापावी लागते. रूसने आधी ठरवले काय कापायचे नाही ते, मग बोल्टांना हात घातला.

पण त्या गाडीत काही गोष्टी मुळातच नव्हत्या, तेही पाहिले पाहिजे. दारे नव्हती, दाराच्या जागी एक पट्टा होता. वर कापडी छत. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येई, आणि तशी पाडली की गाडीची उंची 72 इंचांवरून 52 इंचांवर येई, म्हणजे झुडपाआड दडवता येई. डाव्या आणि उजव्या चाकांतले अंतर होते 49 इंच. अरुंद पायवाटेने जाणारी, जहाजात दाटीने रचता येणारी गाडी हवी होती, म्हणून ती अरुंद. सैनिकाला गोळीची भीती जास्त, गाडी उलटण्याची कमी, आणि त्या हिशेबाने ती घडवलेली. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

हे अंतर आणि ही उंची यांचा संबंध काय, ते पुस्तकातून शिकायची आपल्याला गरज नाही. कडब्याची भरलेली बैलगाडी बांधावरून तिरकी उतरताना तुम्ही पाहिली आहे. रिकामी गाडी त्याच जागेवरून निर्धास्त जाते. भरलेली गाडी डुलू लागते, दोन माणसे चढाच्या बाजूने दोर धरून लोंबकळतात, गाडीवान बैलांशी बोलत बोलत हळू उतरवतो. चाके तीच, आस तोच, बांधही तोच. बदलली ती वजनाची उंची. शास्त्रात याला गुरुत्वमध्य म्हणतात. दोन चाकांतल्या अंतराचे अर्धे घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा; जो आकडा येईल तो जितका मोठा तितकी गाडी उलटायला कठीण. जीपचे अर्धे अंतर साडेचोवीस इंच. हिशेबापुरता गुरुत्वमध्य 25 इंचांवर धरा. आकडा आला जवळजवळ एक. आता गाडी अशी वाढवा की गुरुत्वमध्य चार इंचांनी वर जाईल: आकडा 0.84 वर आला. उभी गाडी बाजूच्या उताराला जिथे 44 अंशांवर कलंडली असती, तिथे 40 अंशांवरच कलंडेल. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण वळणावर, खड्ड्यात एक चाक गेलेले असताना, मागे सहा माणसे बसलेली असताना, हेच चार अंश लागतात.

आता वाळवंटात जाऊ. गाडीत फेरफार कसे करावेत हे ज्यांनी सर्वांत कडक शाळेत शिकून घेतले, ती माणसे 1940 साली इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात होती. राल्फ बॅगनॉल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी 1920 च्या दशकापासून सुट्टी काढून फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन वाळूच्या समुद्रात शिरत असे. वाळू कशी वाहते, टेकड्या कशा बनतात यावर 1941 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ भूगोलाचे अभ्यासक आजही वाचतात. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा त्याने जनरल वेव्हेलपुढे एक योजना मांडली: शत्रूला जे वाळवंट ओलांडता येणार नाही असे वाटते, ते ओलांडून त्याच्या पाठीमागे टेहळणी करायची. हेच वेव्हेल 1943 ते 1947 आपले व्हाइसरॉय होते. त्यांनी परवानगी दिली आणि दूरपल्ल्याचे वाळवंटी पथक, लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, उभे राहिले. पहिले सैनिक न्यूझीलंडचे, त्यांतले पुष्कळ जण शेतकरी. यंत्राची आणि उघड्या मुलखाची सवय असलेले. पुढे भारतीय सैनिकांची एक तुकडीही या पथकाबरोबर काम करू लागली.

त्यांच्या गाड्या म्हणजे दीड टन ओझ्याच्या शेव्हरोले ट्रक. या गाड्यांची त्यांनी काय दशा केली पहा. दारे काढली, टप काढला, समोरची काच काढली. काचेवर ऊन चमकले की मैलांवरून दिसते, आणि विमानातून तर दिसतेच. वजन वाचले, तेवढे पेट्रोल आणि पाणी जास्त घेता आले. पण हे फुकट झाले नाही. दिवसा तापलेला वारा आणि वाळू थेट तोंडावर, रात्री हाडे गोठवणारी थंडी, आणि गोळी आली तर मध्ये पत्र्याचाही आडोसा नाही. हे सगळे सोसायचे होते ते ज्यांनी दारे काढली त्यांनाच. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

ओझे वाढले तशा स्प्रिंगा मोडू लागल्या, म्हणून जादा पाटे घातले. पाणी उकळून रेडिएटरमधून वाफ उडून जाई, आणि वाळवंटात तर पाणी म्हणजे जीव. म्हणून रेडिएटर बंद करून त्याची वाफ नळीने गाडीच्या बाजूला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात नेली. तिथे वाफेचे पाणी होई. डबाही उकळून खदखदू लागला की चालकाने गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. रेडिएटर निवाला की डब्यातले पाणी आपोआप ओढून परत घेई. मऊ वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी करीत, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर तरंगल्यासारखा चाले. पण तसाच टायर खडकाळ जमिनीवर वेगाने चालवला तर तापतो आणि फाटतो. म्हणून वाळू संपली की उतरायचे आणि हवा भरायची. कंटाळवाणे काम, पण ते चुकवीत नसत.

मला या दोन प्रकारच्या बदलांतला फरक महत्त्वाचा वाटतो. हवा कमी करणे हा फेरता येणारा बदल. जमीन बदलली की आपणही बदललो. दार कापून काढणे हा न फेरता येणारा बदल. मग कुठेही जा, गाडी तशीच. बॅगनॉल्डच्या माणसांना न फेरता येणारे बदल परवडले, कारण त्यांच्या गाड्या वाळवंट सोडून कुठे जायच्याच नव्हत्या. त्यांच्या मुलखात समोरून एस. टी. येत नव्हती, शाळेची मुले रस्ता ओलांडत नव्हती.

1942 च्या उन्हाळ्यात डेव्हिड स्टर्लिंगच्या स्पेशल एअर सर्व्हिसने हीच रीत जीपला लावली. रेडिएटरपुढच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या बहुतेक कापून टाकल्या, का तर हवा जास्त लागावी. त्याची किंमत अशी की दगड किंवा गोळी आली तर थेट रेडिएटरवर. विमानांवरच्या जोड-मशीनगना बसवल्या, पेट्रोलचे डबे जिथे जागा मिळेल तिथे रचले. अशा 18 जीपा 26 जुलै 1942 च्या रात्री सिदी हनेशच्या विमानतळावर रांगेने घुसल्या आणि जमिनीवर उभी असलेली जर्मन विमाने जाळून निघून गेल्या. पेट्रोलच्या डब्यांवर बसून लढाईला जाणे हा शहाणपणा की वेडेपणा? त्यांच्या हिशेबात तो शहाणपणा होता. परतीला पेट्रोल नसते तर वाळवंटानेच त्यांना मारले असते. उद्या कुणी हौसेने आपल्या जीपच्या मागे पेट्रोलचे तसे डबे टांगून पुण्या-मुंबईच्या रस्त्याला लागला, तर त्याचे रूप स्टर्लिंगच्या जीपसारखे होईल, हिशेब मात्र तो राहणार नाही. मागून धडक बसली की डबे त्याच्याच पाठीशी आहेत.

युद्ध संपले. अमेरिकी लष्कराला जीपहून चांगली गाडी हवी झाली. 1951 पासून फोर्ड कंपनीने एक नवी गाडी रचायला घेतली. 1960 च्या सुमारास ती एम-151 या नावाने लष्करात आली. जुन्या जीपला पुढे-मागे अखंड लोखंडी आस होते, पाट्यांवर बसवलेले. नव्या गाडीला प्रत्येक चाक स्वतंत्र, गुंडाळीच्या स्प्रिंगवर. खड्ड्यातून ती जुन्या जीपपेक्षा मऊ आणि वेगाने जाई. कागदावर सगळा फायदाच. पण वेगाने वळण घेताना गाडीचा मागचा भाग उचलला जाई, तसे मागचे चाक आत दुमडल्यासारखे होई, आणि गाडी एकदम उलटे. चालक बिचारा जुन्या जीपच्या सवयीने वळवायला जाई, आणि ही गाडी त्या सवयीला क्षमा करीत नसे.

उपाय काय केले ते पाहण्यासारखे आहे. आधी चालकांना बजावले, शिकवले. गाडी रिकामी असली तर मागे दारूगोळ्याच्या पेटीत वाळू भरून ठेवीत, म्हणजे मागचा भाग दबलेला राहील. 1970 च्या सुमारास मागच्या चाकांची रचनाच बदलली. आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस डोक्यावर नळ्यांची संरक्षक चौकट बसवली. पहिल्या गाडीपासून चौकटीपर्यंत सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेली. जुन्या लष्करी जीपा लोकांना विकल्या गेल्या होत्या. ही गाडी मात्र सामान्य रस्त्याला धोक्याची ठरवून, निकालात काढताना कापून तुकडे करून विकू लागले. स्वतःच्याच गाडीवर सरकारने दिलेला एवढा स्पष्ट अभिप्राय मी दुसरा पाहिलेला नाही.

नागरी जीपचीही हीच कथा. सीजे-5 नावाची जीप 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1983 पर्यंत अमेरिकेत तयार होत होती. मुळात ती शेतावर, रानात जायची गाडी. 1970 च्या दशकात ती तरुणांची हौसेची गाडी झाली आणि महामार्गावर आली. डिसेंबर 1980 मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर चाचण्यांची चित्रे दाखवली गेली, त्यांत ही जीप वळणावर उलटताना दिसत होती. त्या चाचण्या कशा घेतल्या यावर मागून पुष्कळ वाद झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण 1986 मध्ये जी नवी जीप आली, रँग्लर नावाची, ती आधीच्यापेक्षा रुंद आणि ठेंगणी होती. रस्त्यावर ती जास्त स्थिर. मग काय झाले? रानातले हौशी लोक कुरकुरले, की हिच्या पोटाखालची जागा कमी झाली. आणि त्यांनी गॅरेजात नेऊन ती परत उंच केली! कारखान्याने जे मोल देऊन स्थैर्य विकत घेतले, ते गिऱ्हाइकाने पैसे देऊन परत विकून टाकले.

तुम्ही म्हणाल, उंच करावी की नाही ते एकदा सांगून टाका. तसे एका शब्दात सांगता येत नाही. ज्याला खरोखर रोज ओढ्यातून, दगडांतून जायचे आहे त्याला उंची लागते. पण उंची दोन प्रकारांनी येते, आणि गॅरेजातला माणूस हा भेद नेहमीच सांगतो असे नाही. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उचलली तर वर जाते ती फक्त गाडीची बैठक. अखंड आसाच्या जीपमध्ये आसाच्या मधोमध जो दातेरी चक्रांचा गोल डबा असतो, तो होता तिथेच राहतो. आणि दगड लागतो तो नेमका त्या डब्याला. डबा उचलायचा तर चाकच मोठे पाहिजे. चाकाचा व्यास चार इंचांनी वाढवला तर डबा दोन इंच उचलला जातो, आणि सगळी गाडीही तेवढीच. शिवाय मोठे चाक जड. थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट. 28 इंची चाकाच्या जागी 32 इंची बसवले तर वेगाचा काटा 50 दाखवील तेव्हा गाडी 57 च्या वेगाने धावत असेल. मग कुणी सुचवतो, चाके बाहेर काढा, म्हणजे रुंदी वाढेल. वाढते खरी, उलटण्याचा धोकाही थोडा घटतो. पण चाकाच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो. म्हणजे एका खात्यातून काढून दुसऱ्यात घातले.

नळ्यांच्या सांगाड्याचेही तसेच. इथे ट्रॅक्टरचा दाखला आपल्याला जवळचा आहे. उताराच्या शेतात, बांधाच्या कडेला ट्रॅक्टर उलटून माणूस खाली सापडल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि पुढच्या काही दशकांत तिथे अशा मृत्यूंची संख्या झपाट्याने खाली आली. बागाईतदारांची तक्रार अशी की चौकट फांद्यांना अडकते. म्हणून दुमडणारी चौकट निघाली. पण चौकट उभी असेल तर कमरेला पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर उलटताना माणूस चौकटीबाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्यावर येते. आणि चौकट दुमडलेली असेल तर पट्टा बांधू नये. एकच पट्टा, एका वेळी तारणारा आणि एका वेळी मारणारा! जीपमधल्या सांगाड्यालाही पट्टा लागतोच, आणि नळी डोक्याजवळ उघडी असेल तर साध्या धडकेतही कपाळ तिच्यावर आपटते. शर्यतीतला चालक शिरस्त्राण घालून बसतो. बाजारला जाणारा माणूस टोपी घालून बसतो.

आपल्याकडे जीपची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने 1947 मध्ये सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-3बी या जीपचे बॉनेट मुद्दाम उंच केलेले होते, कारण नवे इंजिन उंच होते; ताकद वाढली आणि गाडीच्या नाकापुढची जमीन थोडी दिसेनाशी झाली. पेट्रोल महागले तसे लोकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. खर्च वाचला, पण जड इंजिन पुढच्या चाकांवर आले आणि ब्रेक मात्र पुष्कळदा जुनेच राहिले.

वडापाची गोष्ट याहून गंभीर. मागचा सांगाडा लांबवायचा, समोरासमोर बाके टाकायची, मागे पायरी जोडायची, आणि टपावर कठडा करून तिथेही माणसे बसवायची. मघाचा हिशेब आठवा. टपावर दहा माणसे म्हणजे कडब्याची गाडीच. फरक एवढाच, की कडब्याची गाडी बैलाच्या पावलाने उतरते आणि ही घाटातून धावते. मागच्या पायरीवर माणसे लोंबकळली की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. वाळवंटातल्या माणसांनी दार काढले तेव्हा वारा त्यांनीच खाल्ला, असे मी वर म्हटले ते इथे लावून पहा. वडापाच्या जादा भाड्याचा फायदा मालकाला, चालकाची जागा त्यातल्या त्यात बरी, आणि मोल द्यायची पाळी येते ती पायरीवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरावर आणि टपावरच्या मजुरावर. त्याला कुणी विचारलेले नसते. अर्थात त्याच्याकडे दुसरी सोय असती तर तो टपावर चढला असता का, हेही म्हटले पाहिजे. ज्या गावाला दिवसाकाठी एकच एस. टी. येते, तिथे वडापाला नुसती नावे ठेवून भागत नाही.

पुढच्या लोखंडी बाराचेही असेच आहे. गाडीला पोचा पडत नाही, म्हणून मालक खूश. पण गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा आणि धक्का त्याने गिळावा, अशीच आजच्या गाडीची रचना असते. बार तो धक्का सरळ सांगाड्यात पोचवतो. हवेची पिशवी फुगण्याची वेळही त्याने चुकू शकते. आणि समोर सापडलेल्या पायी माणसाला तर पत्र्याऐवजी लोखंडच बसते. म्हणून डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे बार बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला कळवले. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 52 गाडीतल्या फेरफारांविषयीच आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला: कारखान्याने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडू शकतो. हौशी मंडळींना हा निकाल जाचक वाटतो. माझे मत असे, की न फेरता येणाऱ्या बदलांपुरता तो योग्य आहे. टायर चांगले घ्या, ओढून काढायचा दोर आणि हवेचा पंप जवळ ठेवा, चारही चाकांचा जोर कधी लावायचा ते शिका. यांतल्या कशालाही गाडी कापावी लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. भरलेली काडेपेटी लाकडी फळीवर उभी ठेवा. ती घसरू नये म्हणून तिच्या खालच्या कडेला फळीवर एक काडी चिकटवा. फळी हळूहळू एका बाजूने उचला आणि पेटी कोणत्या अंशाला कलंडते ते कोनमापकाने मोजा. मग तीच पेटी आडवी ठेवून मोजा. शेवटी उभ्या पेटीच्या माथ्यावर चिकणमातीचा गोळा बसवून तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा, आणि मातीचा गोळा म्हणजे टपावरची माणसे, हे मुलांनाच ओळखू द्या. पहिल्या बाकावरचे नाही, तर रोज वडापाने शाळेला येणारे पोर आधी ओळखील.